आठ गुंठे

बिया आईनंच पाठवल्या, धारूरहून,
युरियाच्या रिकाम्या पोत्यात, सुतळीनं तोंड बांधून.
गर काढायच्या कारखान्यात ती दिवसभर सीताफळं उकलते.
गर बर्फात जातो, बिया उकिरड्यावर.
लहानपणी ह्याच बियांची पूड ती आमच्या केसांत घालायची,
उवांसाठी,
आणि डोळे गच्च मिटायला लावायची.

अंबाजोगाईच्या प्रयोगशाळेत मी त्या कुटल्या,
आम्लात रात्रभर भिजवल्या,
झाकणाच्या मुशीत घालून भट्टीत ठेवल्या. पाचशे अंश.
दोनदा लाईट गेली.
गफूरमामा म्हणाले, "उघडू नको पोरी.
हवा लागली की राख. कोंडलं तरच कोळसा."

मग धुणं, आम्ल निघेपर्यंत.
टँकर चार दिवस आला नाही.
पाणी साफ करणारी पूड
पाण्यावाचून तशीच पडून राहिली.

तिडके मॅडमनी आकडा काढला:
एका ग्रामला आठशे चौरस मीटर पृष्ठभाग.
वहीच्या मागच्या पानावर मी भागाकार केला.
आठ गुंठे, जवळजवळ.
चिमूटभर काळ्या पुडीत
आठ गुंठे!
आमच्या घरात सातबारा कुणी पाहिलेला नाही.
मी उठून आधी खिडकी लावली,
वाऱ्यानं जमीन उडून जाईल म्हणून.

पैठणच्या एका रंगाऱ्याकडचं पाणी
कॅनमध्ये, एसटीनं आणलं.
कंडक्टर म्हणाला, "रॉकेल असल तर उतर खाली."
झाकण उघडून दाखवलं. जांभळं.
"हे काय पितेस का काय?"
नाल्याकाठच्या हापशावर पितात.
मी म्हटलं, एक अंबाजोगाई द्या.

पूड टाकली, हलवलं, गाळलं.
जांभळ्याचं वांग्याचं फूल झालं,
मग नुसता संशय उरला.
तो काही गेला नाही. शंभरातले नऊ तसेच राहिले.
मी नऊच लिहिले.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर:
"शोषण आणि अधिशोषण, फरक सांगा."
"शोषणात आत ओढून घेतात, सर. जिरवून टाकतात.
अधिशोषणात नुसतं अंगावर धरून ठेवतात."
"उदाहरण?"
स्पंज म्हणाले, कोळसा म्हणाले.
ओठांवर आईचे हात आले होते,
सालींच्या चिकानं काळे पडलेले,
दहा हंगाम धुऊनही तसेच.

दिवाळीत तिला दोन बाटल्या दाखवल्या,
आधीची आणि नंतरची.
तिनं पाण्याकडं बघितलंच नाही.
"मंग त्यो भरलेला कोळसा
कुठं टाकायलीस?"

प्रबंधात त्याचं पान नव्हतं.
बरणी अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे.
गफूरमामांनी चिठ्ठी चिकटवली: फेकू नये.
खाली माझं नाव,
बापाच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण,
सातबाऱ्यावर लिहितात तसं.