मोठ्या गाड्यांना बंदी

आम्रपाली फोनवर तिकडचा घाट दाखवत होती
आणि इकडे मी घटांगच्या चढावर
बोनेट उघडून, पाणी ओतून,
इंजिन निवायची वाट बघत उभा.

सकाळीच निघाल्या समरकंदहून.
चौघी मैत्रिणी, एक पांढरी टॅक्सी,
कॉलेजला सुट्टी, संध्याकाळपर्यंत परत.
डोंगरापलीकडे जुनं शहर आहे म्हणाली.
नाव तिनं तीनदा सांगितलं, माझ्या जिभेला वळेना.
मुनाफ कंडक्टर मागून म्हणाला,
"शहरीसब्ज. हिरवं शहर, तायडे. सोपं तं हाये."
पोरगी माझी, फी माझी,
आणि गाव निघालं याच्या ओळखीचं.

मी घाटाचं विचारलं.
वळणं किती? दुसऱ्यात चढते का गाडी?
कठडा आहे का?
"बाबा, मी मांगं बसली हावो. मले काय मालूम."
तरी माझ्यासाठी तिनं मोबाईल खिडकीबाहेर धरला.
उघडा डोंगर. सागाचं एक पान नाही.
दगड, दगडांवर बकऱ्या,
वळणावर डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई
दह्याचे वाळवलेले पांढरे गोळे विकत बसलेली.
थोडं वर एक पाटी.
आमूनं त्यांच्या ड्रायव्हरला विचारून सांगितलं:
या घाटात मोठ्या गाड्यांना बंदी.
बस लांबून जाते, वळसा घालून.

बावीस वर्षं हा रस्ता चालवतोय.
दोनदा अस्वल आडवं आलं,
एकदा मागच्या सीटवर पोर जन्मलं,
वायपर बंद पडल्यावर हातानं काच पुसत सेमाडोह गाठलं.
आणि जगात असा एक घाट आहे
जिथं मला खालूनच परत लावतील.
वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू.
तिला म्हटलं, "बराबर हाये. रस्ता अरुंद असन."

सेमाडोहला रेंज नाही.
हरिसालला थांबलो तेव्हा अकरा फोटो एकदम पडले.
राजवाडा पडून गेलाय, नुसता दरवाजा राहिला,
तोही मधून तुटलेला.
दोन बुरूज, निळ्या फरश्या, मधे आकाश,
आणि खाली तिळाएवढी आमू.
तिला पाचव्या वर्षी मी अचलपूरच्या
दुल्हा दरवाजात उभी करून फोटो काढला होता.
त्यात ती रडतेय. एक चप्पल गटारात गेलेली.

शेवटचा फोटो शेताचा. खाली लिहिलेलं,
पऱ्हाटी पाह्य बाबा!
बोंड बोटांनी मोठं करून मी मुनाफला दाखवलं,
तर सुकमाबाई कास्देकर सीटवरून वाकली.
अंजनगावकडून कापूस वेचून
गठुडं घेऊन घरी चाललेली.
बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,
"येचाईले किलोमागं काय देते तिथं?"
कुणालाच माहीत नव्हतं.
मी तोच प्रश्न आमूला पाठवला.

धारणीला पावणेदोनऐवजी सव्वादोन.
कंट्रोलरनं मान वर न करता वहीत लिहिलं, अर्धा तास लेट.
तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तासच मागं असतं.
म्हणजे तिच्या हिशेबानं मी वेळेवर होतो.
हे कंट्रोलरला काही सांगितलं नाही.

परतीला बिहालीच्या अलीकडे अंधार पडला.
लाईट खाली केला, गियर उतरवला.
कुठंतरी तीही उतरत असेल आत्ता,
मागच्या सीटवर, मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं,
तोंडात दह्याचा खारट गोळा,
आणि पुढं कुणी अनोळखी माणूस
माझ्यासारखाच हॉर्न देत असेल
प्रत्येक वळणाआधी.

रात्री डेपोत फोन बघितला.
पोचलो. जेवलो. पाय दुखून राह्यले.
सुकमाबाईचं काही लिहिलं नव्हतं.
परवा पुन्हा धारणीची ड्युटी आहे,
ती विचारेल.