उलटं करून

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
भांडुपला, टेंभीपाड्याच्या चढावर, आमच्या ओट्यावर
माणसं आपापलं लोखंड घेऊन येतात.
रिक्षातून, खांद्यावरून,
एकदा तर बाळाच्या दुपट्यात गुंडाळून,
कोपरे लागू नयेत म्हणून.
चहा माझ्याकडे. नियम एकच, तोही मीच केलेला:
रंग लावून आणायचं नाही.

मी पोस्टातला. एकोणतीस वर्षं
पार्सलांच्या गाठींवर लाख वितळवली,
पितळी शिक्का दाबला, की पुढचं पार्सल.
निवृत्तीच्या पैशातून मशीन घेतलं तेव्हा
ही म्हणाली, जन्मभर चिकटवत आलात,
आता काय उरलंय सुटं?

मोरीच्या मागे सहा बाय चार, वर पत्रा.
तिथे मी होल्डर धरला की
वरच्या टिपणीसांचा पंखा दमतो,
दिवा डोळा मिचकावतो.
म्हणून ठरलंय, मालिकांच्या वेळेत काम नाही.
पहिल्याच महिन्यात काच न लावता ठिणगी पाहिली
आणि रात्रभर पापण्यांत जुहूची वाळू.
ही बटाट्याचे काप ठेवत होती डोळ्यांवर
आणि एक अक्षर बोलत नव्हती.
तेच जास्त झोंबलं.

तर परवाचा रविवार.
मरोळहून पास्कू घोन्साल्विस आले.
दारूखान्यातून किलोवर आणलेला
कुठल्याशा जहाजाचा जाडजूड पाइप,
त्याला तीन पाय लावून शेगडी केलेली.
पाय तापून एकीकडे ओढले गेलेत.
"बोंबील भाजताना मीच जरा वाकडा बसतो," म्हणाले,
"जमतं."

कुर्ल्याच्या इस्माईल मुकादमांनी दांडा आणला,
आईला संडासात उठताना धरायला.
कुणी टाके बघितले, कुणी पाइपाची जाडी.
ते म्हणाले, उंची बघा.
आईला भिंतीशी बसवून
तिच्या कोपराशी खडूने खूण केली होती त्यांनी.
मग सगळेच आळीपाळीने
तो दांडा धरून उठून-बसून पाहायला लागले,
सहा म्हातारे, ओट्यावर, सकाळी साडेनऊला.
सायकलवरचा अंडेवाला थांबला.

माझं स्टूल शेवटी.
हिरवंगार, चकचकीत.
पास्कूंची भुवई वर गेली.
मी म्हटलं, गंज धरत होता हो, दमट हवा आपली.

हर्षाली गायकर. मुलुंडच्या आयटीआयची, वय सतरा.
तिने स्टूल उचललं. बसून नाही पाहिलं.
उलटं केलं.
चारी पाय आभाळाकडे.
पिशवीतून चिपिंगची हातोडी काढली
आणि चौथ्या पायाच्या कोनात
टक्.
आवाज लोखंडाचा नव्हता.
हिरवा पोपडा उडाला, त्याखाली पुट्टी,
पुट्टीखाली भोकंच भोकं,
मुंग्यांनी उकरल्यासारखी.

लाखही मी अशीच लावायचो.
आत काय आहे ते पाहायचं आपलं काम नव्हे.

वाटलं, आता हसतील.
तिने फुंकर मारून भुगा उडवला.
"काका, रॉडचा डबा उघडा ठेवता ना?
ओल धरलीय त्यांनी. शेकायला हवेत.
तवा आहे?"

ही दारातच उभी होती.
कोणता, म्हणाली, पोळ्यांचा की भाकरीचा?

मग गॅसवर, भाकरीच्या तव्यावर
डझनभर रॉड निजवलेले,
आणि ही चिमट्याने त्यांना कुशीवर वळवतेय
जणू करपले तर सासू बोलेल.
चौथा पाय कापला, घासला, पुन्हा लावला.
वरून टिपणीसबाई ओरडल्या,
चालू द्या, आज मालिका नाही.

तीन पाय हिरवे, एक काळा.
रंग लावलेला नाही. लावणारही नाही बहुतेक.
ही त्यावर बसून मेथी निवडते.
बसण्याआधी, दर वेळी,
उलटं करून बघते.