एक फुल

आठवडा सुटी. पन्हाळ्याची पहिली गाडी,
आणि मी तिच्यात खिडकीला, पॅसेंजर.
नसीम मुजावर म्हणाली, स्टाफ आहेस, बस गप.
मी तिकीट मागूनच घेतलं.
परतीचं कधी, तिनं विचारलं. उद्या, म्हटलं,
कुठून ते माहीत नाही.

तीन दरवाजाखाली उतरले तेव्हा धुकं
उसावर बसून होतं, उठायचं नाव नाही.
पाठीवर अकरा किलो.
रात्री वजनकाट्यावर सॅक घेऊन उभी राहिले होते
आणि मला वजा केलं होतं.

सोळा वर्षं मी अंतर टप्प्यांत मोजलंय.
सहा किलोमीटरचा एक टप्पा.
गारगोटी किती, राधानगरी किती, झोपेत विचारा.
इथं टप्पा पडेना.
एका करवंदीच्या जाळीपासून दुसरीपर्यंत
कधी दहा मिनिटं, कधी चाळीस,
कारण मध्ये पाणी प्यायले, बुटातला खडा काढला
आणि उगीच उभी राहिले.
सुट्ट्यावरून कुणी भांडलं नाही.

दुपारी मसाईचं पठार.
मार्गशीर्षातलं गवत, पिवळं, गुडघ्याएवढं.
वारा त्यावरून उलटा हात फिरवत होता,
म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा,
आणि तेवढ्यापुरता रंग बदलत होता.

तळ्याकाठी ठकूबाई झोरे, सहा म्हशी,
डोक्यावर घोंगड्याची खोळ.
"किती माणसं तुमची?"
"एक फुल," तोंडातून निघून गेलं.
ती वाकून गवतात बघायला लागली.
"फुलं व्हय? ती सरली की. भादव्यात याचं हुतं."
मी हसले, तीही हसली, वेगवेगळ्या कारणांनी.
मग बाटलीत ताक ओतताना, माझ्याकडं न बघता,
"एकटीच निजनार?"
"हो."
"मग म्हशीगत नीज. वाऱ्याकडं पाठ करून."

तंबूच्या खुंट्या जांभ्यात शिरेनात.
तीन बोटं माती, खाली नुसता खडक.
दगड गोळा केले, दोर त्यांना बांधले,
सूर्य बुडेपर्यंत हेच चाललं.
सूर्यास्त बघायचा राहिला.
भाकरी, खर्डा, ताक. बोटं चाटली.

पूर्वेला कोल्हापूर, एवढं लांब
की दिव्यांत स्टँड कुठलं ते सांगता येईना.
सव्वानऊची मुक्कामी गाडी सुटली असेल.
ड्रायव्हर पारावर तोंड धुवेल, कंडक्टर हिशेब लावेल,
गाडी अंधारात गावासारखीच गप्प होईल.
आज मी मुक्कामी.
हिशेब लावायला काही नव्हतं, तरी लावला.
चाललेले: ठाऊक नाही.
भेटलेले: एक, आणि म्हशी.

दोनच्या सुमारास बाहेर कुणीतरी श्वास घेत होतं.
मोठा श्वास, ओला.
गवत तुटल्याचा आवाज, मग चावल्याचा, मग काही नाही.
ते काही नाही फार वेळ चाललं.
मी टॉर्च हातात धरला, लावला नाही.
पाय मोजायला लागले, सवय. चार. की आठ.
"पुढं सरका, पुढं सरका,"
ओठांपर्यंत आलं, बाहेर पडलं नाही.
सोळा वर्षांत पहिल्यांदा
न सांगता कुणीतरी पुढं सरकलं.
तंबू हलला फक्त, दोराला काहीतरी घासून गेलं.
गवा असेल. ठकूबाईची म्हैसही असेल.
सकाळी ठसे बघून कळलं असतं,
पण दव एवढं पडलं होतं
की माझेही दिसत नव्हते.

खालच्या वाडीतून घंटा ऐकू आली.
एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.
मी मोजत राहिले. तीन. पाच. मग नुसतीच खळखळ.
गुराच्या गळ्यातली ती, तिला कसला नियम.

फूल एक शोधलं मी, खरंच शोधलं,
तंबूच्या जागेभोवती वाकून. नव्हतंच.
दगड उचलले, जिथले तिथं ठेवायला.
शेवटच्याखाली विंचू होता, गारठलेला.
रात्रभर माझ्या डोक्यापासून वीतभर.
दगड परत हळूच टेकवला,
त्याची जागा त्याला.

सॅक चढवली.
तेवढीच जड, फक्त ताक संपलेलं.