बाहेरची तूर

उदगीरच्या दालमिलमध्ये
आज कट्ट्यांवरची अक्षरं वेगळी.
सुगराबीनं बोट फिरवलं, ही कुठली गं?
शिवलिंग हमाल म्हणाला, मोझांबिक.
म्हणजे कुठं, ते त्यालाही सांगता येईना.
"मुंबईच्या पल्याड. समुद्र लागतो."

मुनीम पेपर मोठ्यानं वाचतो:
शुल्कमुक्त आयातीला वर्षभर मुदतवाढ.
निवडणाऱ्या आम्ही साऱ्याजणी खूश.
मुदतवाढ म्हणजे उन्हाळाभर हजेरी.

घरी तोच पेपर भाऊ वाचतो
आणि आपटतो.
त्याचे चौदा कट्टे ओसरीत थप्पीला.
"बंदच केली पाहिजे बाहेरची तूर," म्हणायलाय.
मी भाकरी थापत म्हणते,
व्हय, केलीच पाहिजे.

टीव्हीवर चौघं एकदम बोलायलेत.
महागाई, हमीभाव, परराष्ट्र धोरण.
भाऊ त्या चौघांनाही उत्तरं देतो.
मला कुणी विचारत नाही, ते एक बरं.
नाहीतर कुठल्या खुर्चीवर बसले असते मी?

काल चाळणीत बटण सापडलं.
निळं, चार भोकांचं,
दोरा अजून तसाच अडकलेला.
तिकडच्या कुणाच्या तरी झंपरचं असेल,
पोतं भरताना तुटलं असेल.
तिच्याही घरी कुणी पेपर आपटत असेल का,
पाठवा म्हणून,
का पाठवू नका म्हणून?

सुगराबी म्हणाली, फेक ते,
मालक खड्याचे पैसे कापतो.
मी कनवटीला खोचलं.

भावाच्या सदऱ्याचं वरून दुसरं
दिवाळीपासून तुटलेलंच आहे.
लावून देईन.
कुठलं, ते सांगणार नाही.