पाचवा संदर्भ

देसूरकर सरांनी निबंध परत दिला,
समासात लाल शाईनं एवढंच: कुणी सांगितलं?
विषय होता पटावरच्या खेळाची रचना.
नियम कसे जन्मतात, हरणाऱ्याला किती जागा ठेवतात,
आणि मी सुरुवातच केली होती, 'असं म्हणतात की'.
"हलगेकर, हे 'असं म्हणतात' कुठल्या गावचे?"
वर्ग हसला. मीही हसले, जरा उशिरा.
पाच संदर्भ हवेत. सोमवारपर्यंत.

वाचनालयात दुपारी पंखा आणि पेन्शनर.
एका मराठी पुस्तकात चौकाभारा सापडला,
लेखक म्हणतो, खेळ मूळचा आमचा.
पलीकडच्या कपाटात कन्नड.
ती अक्षरं मी अजून बोट ठेवून वाचते,
शाळेत सक्तीची होती म्हणून येतात,
सक्तीची होती म्हणूनच अडतात.
तासाभरानं कळलं, तिथं खेळ मूळचा त्यांचा.
दोन्ही पुस्तकं उघडी ठेवली शेजारी शेजारी.
पटाचं चित्र तेच, पाच गुणिले पाच,
कडेला चार फुल्या, मधोमध एक,
आणि उजव्या कोपऱ्यातली रेघ
दोन्हीकडे एकाच जागी तुटलेली.
म्हणजे दोघांनी कुठल्या तिसऱ्याचंच उतरवलंय
आणि दोघंही गप्प.

आणखी एक होतं, गुळगुळीत कागदाचं:
'हा खेळ पाच हजार वर्षं जुना आहे.'
पुढं ना पान, ना पुरावा, ना नाव.
खोडलं. जिवावर आलं,
वाक्य देखणं होतं.

शनिवारी वडगावात गेले, मागांच्या गल्लीत.
लाईट गेलेली, त्यामुळे गल्ली ऐकू येत होती.
गंगव्वा कामकर उंबऱ्याच्या आत फरशीवर बसलेल्या,
समोर शेवंताबाई बुचडी, मध्ये खडूचा पट,
चार चिंचोके, एका अंगानं दगडावर घासून पांढरे केलेले.
गंगव्वा घरं मोजतात ओंदु, एरडु, मूरु,
शेवंताबाई एक, दोन, तीन,
आणि चारही पांढरे पडले की दोघी एकदम ओरडतात
चौका!
त्या शब्दाला कुणी भाषा विचारत नाही.

मी वही काढली आणि नियम विचारला.
चूक झाली.
"एक सोंगटी मारल्याबगर आत जायचं न्हाई," गंगव्वा म्हणाल्या.
"आमच्या कोवाडला सोडतात की."
"तुमच्या कोवाडला काय, सगळंच सोडतात!"
पुढचा पाऊण तास खेळ बंद, भांडण चालू,
१. न मारता आत जाणारा भित्रा असतो
२. मारायला कुणी हाताशीच आलं नाही तर माणसानं बाहेर मरायचं का
३. शेवंताबाईच्या सासूनं एकदा चिंचोका फिरवला होता.
तिसऱ्याचा विषयाशी संबंध नाही,
तरी लिहून घेतलं.
इतकी पुस्तकं चाळली,
नियमासाठी कुणी असं तोंड लाल केलेलं
कुठल्याच पानावर नव्हतं.

"तुम्हाला कुणी शिकवलं?"
"नम्मव्वा."
"त्यांना?"
"अकी अव्वा." मग हात हवेत, मागं, मागं.
"साल?"
"दुसरा माग घेतला ते वरीस. न्हाई, त्याच्या आदलं."
सही मागितली. गंगव्वांनी कन्नडमध्ये केली,
एकेक अक्षर धागा ओवल्यासारखं,
मी बोट न ठेवता वाचली.

तेवढ्यात लाईट आली. माग खडखडायला लागले,
दोघी उठल्या, पट तसाच.
शेवंताबाईंची एक सोंगटी फुलीवर,
तिथंच गंगव्वांचीही एक.
फुलीवर कुणी कुणाला मारत नाही.
यावर मात्र त्या भांडल्या नव्हत्या.

सोमवारी चारच संदर्भ छापील होते.
त्यातल्या दोघांपुढं मी लिहिलं, चित्र उसनं, तुटकी रेघ पाहावी.
पाचवा असा:
कामकर, गंगव्वा, आणि बुचडी, शेवंताबाई (असहमत).
वडगाव, बेळगाव. वीज नसताना.

सरांनी बराच वेळ पाहिलं.
मग लाल पेनानं, बारीक: पृष्ठ क्रमांक?

मी खाली लिहून दिलं,
दारातून आत गेल्यावर डावीकडची तिसरी फरशी.
पुसायच्या आत पाहावी.