वारा

डॉ. तस्नीम बागवान पोटावर नळी टेकवतात,
ऐकतात, मान हलवतात. अजून शांत.

"हात लागलाय ना, रुसतं ते.
जन्मभर अंधारात राहिलेलं,
त्यावर एकदम दिवे, हातमोजे, हवा.
शिवाय सूज. दुखू नये म्हणून देतो ते औषधही
त्याला झोपवतंच."

तीन दिवस. ओठांवर ओला कापूस.
खिडकीबाहेर कर्वे रस्त्यावरून मेट्रो
दर थोड्या वेळानं सरकते.
माझ्यात काहीच सरकत नाही.

बाकावर श्रीरंगदादा.
कोथरूडच्या फ्लॅटवरून बोलणं तुटलं, त्याला अकरा वर्षं.
आई म्हणायची, आतड्याची माणसं तुम्ही.
तेव्हा आमच्यातही कुणी कुणी हात घातला होता,
सूज उतरायला कुणी थांबलंच नाही.

"चल, चालायचं," तो म्हणतो.
सलाइनचा खांब ढकलतो.
व्हरांड्याची सातवी फेरी.
वकिलाचं नाव काढत नाही,
छतावरच्या पालीबद्दल बोलतो.

चौथ्या पहाटे, दूधवाल्यांच्या आधी,
आत कुठेतरी गुरगुर. मग
वारा सरला.
एवढासा, फुसका.
दादा तसाच अनवाणी
सिस्टरला सांगायला पळाला,
अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा.

दुपारी दोन चमचे पेज.
"मीठ कमी आहे," तोच म्हणाला,
चाखून.