शनिवारची रेघ

बसा जरा पायरीवर, तरुण संघाच्या पोरांनो.
उपदेश करायला पाळकसाहेब आहेत,
मी मिरजेच्या या देवळाची झाडूवाली.
मला फक्त दाराआडच्या कॅलेंडराबद्दल सांगायचंय.

मागल्या वर्षी मार्चात,
गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री
नहूम वायदंडे इथं येऊन गुडघ्यांवर बसला.
मी शेवटच्या बाकाखाली मेणाचे डाग खरवडत होते,
त्याला वाटलं, देऊळ रिकामं आहे.
म्हणाला, प्रभू, एवढा पेपर निघू दे,
वर्षभर दर शनिवारी देऊळ झाडीन.
मोठ्यानं म्हणाला.
ऐकणारे दोघं होते, त्यातली एक मी.

पेपर निघाला. बावन्न मार्क.
बावन्नच शनिवार, म्हटलं, हिशेब चोख आहे.

जूनपासून यायला लागला.
केरसुणी धरता येत नव्हती,
केर वेदीकडून दाराकडे न्यायचा
तर हा दारातली धूळ वेदीकडे!
पण झाडून झालं की कॅलेंडरावर
पेन्सिलीची एक उभी रेघ.
अशा नऊ रेघा झाल्या.

दहाव्या शनिवारी सांगलीला मॅच होती.
अकराव्याला मित्राची नवी गाडी.
बाराव्याला काहीच नव्हतं.
शब्द मोडायला पहिल्यांदा कारण लागतं, पोरांनो,
नंतर लागत नाही.

आमच्या गल्लीत अमीनभाई तंबोरे करतात.
ते म्हणतात, तार तुटली तर बरं, मावशी,
आवाज तरी होतो.
सैल पडते ती कुणाला कळत नाही.

मी काय करणार?
आडनावावरचा टोमणा अगदी जिभेवर आला होता,
काय रे वायदंडे, वायद्याचं काय?
गिळला.
बुचाची फुलं त्या साली इतकी पडली
की अंगण सकाळी झाडावं तर दुपारी पुन्हा पांढरं.
सात शनिवार मी झाडलं.
रेघ मात्र मारली नाही.
झाडणं माझ्या हातचं होतं,
शब्द माझा नव्हता.

मग एकदा तो विसरलेली छत्री न्यायला आला.
दार ओढलं, तर समोर कॅलेंडर.
नऊ रेघा, पुढे सात कोऱ्या चौकटी,
आणि खाली फरशी लखलखीत.
फरशीकडे बघितलं, कॅलेंडराकडे बघितलं,
मग माझ्या सुजलेल्या गुडघ्यांकडे.
"मावशी, देव रागावला असेल?"
म्हटलं, ते त्याचं त्याला विचार,
मला एवढंच माहीत,
केरसुणी तू ठेवलीस तिथंच आहे.

रडला-बिडला नाही.
केरसुणी उचलली, नेहमीसारखी उलटी धरली.
बावन्न शनिवार सरले
तरी सात अजून उरले होते,
ते त्यानं जुलैअखेर फेडले.

मी कुठली मोठी शहाणी?
मिश्री सोडते म्हणून प्रभूला कितीदा सांगितलं,
आणि परवा पुन्हा पुडी आणली.
माझंही एक कॅलेंडर आहे,
ते तुम्हाला दाखवणार नाही.

उद्या तुमच्यातले अकरा जण दृढीकरणाला उभे राहतील.
नवे कपडे, तेल लावलेले केस,
पाळक विचारतील, तुम्ही म्हणाल, होय.
म्हणा की!
पण जरा हळू म्हणा, कानावर पडू द्या आपल्याच.
"होय" रविवारी म्हणायला सोपं,
पण त्याला शनिवारी पहाटे उठावं लागतं,
आईला दिलेल्या शब्दापाशी,
उसन्या घेतलेल्या शंभर रुपयांपाशी,
जिला "येतो" म्हणालात त्या म्हातारीच्या दारापाशी.
तिथं त्याला वेदी नसते, फुलं नसतात.

जा आता. चपला बाहेरच काढा.
आत बाक सरकवल्याचा आवाज येतोय ना?
नहूम आहे.
देणं केव्हाच फिटलंय त्याचं.
तरी का येतो, मी विचारलेलं नाही.
जपून चाला,
त्यानं आत्ताच झाडलंय.